ती अडीच मिनिटं कोणाची?

२१ जानेवारी २०२४. मुंबई मॅरेथॉनची हाफ, म्हणजे २१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन, संपवून सीएसएमटीजवळ घड्याळ थांबवलं, तेव्हा आकडा होता २ तास ८ मिनिटं ३६ सेकंद. आदल्या वर्षी याच शर्यतीला मला २ तास ११ मिनिटं ९ सेकंद लागले होते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी अडीच मिनिटं कमी झाली म्हणून डोळ्यांत पाणी आलं. गळ्यात पदक घालून काढलेला फोटो आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि पहिलं उत्तर आलं, "ताई, कार्बन पावला!"

त्या दिवशी मीही हसले. पण मग तेच सगळीकडून ऐकू यायला लागलं. ऑफिसात, लोकलमध्ये, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. माझ्या पायातले गुलाबी, जाड तळव्याचे, आत कार्बनची पट्टी असलेले बूट सगळ्यांनी पाहिले होते. जुलैपासून आठवड्यातले चार दिवस मी पावणेचारला उठत होते, डबे करून पाचला घराबाहेर पडत होते, हे कुणी पाहिलं नव्हतं. पेडर रोडच्या चढाची धास्ती होती, म्हणून दर बुधवारी चौपाटीवरून वाळकेश्वरचा चढ सहा-सहा वेळा चढले होते. दोन किलो वजन उतरवलं होतं. हे सगळं बाजूला राहिलं आणि अडीच मिनिटं बुटांच्या खात्यात गेली. मला ते लागलं, खरंच लागलं. पण लागलं म्हणून मी हे लिहीत नाही.

आमच्या ग्रुपात एक मुलगी आहे. चोवीस वर्षांची, परळच्या एका दुकानात दिवसभर काउंटरवर उभी असते. हाफ पळते १ तास ५२ मिनिटांत, तेही दीड वर्ष वापरून तळ गुळगुळीत झालेल्या बुटांत. शर्यतीनंतरच्या आठवड्यात करी रोडच्या फलाटावर ती मला म्हणाली, "ताई, मी पण हप्त्यावर घेऊ का? खरंच फरक पडतो ना?" तिचा हप्ता म्हणजे काय, ते मला माहीत आहे. घरी आईचं औषध, भावाची फी. मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की माझ्याकडे उत्तरच नाही. फरक पडतो की नाही, पडत असेल तर किती, हे मलाच ठाऊक नव्हतं. एकवीस हजार रुपये मोजून मी ते बूट घेतले होते आणि एवढी साधी गोष्ट मी कधी तपासली नव्हती.

बूट दिवाळीच्या बोनसातून घेतले होते. आमच्या घरात एवढ्या किमतीची पायात घालायची वस्तू याआधी आली नव्हती. सासूबाईंनी किंमत विचारली तेव्हा खरी सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पायांना बरं वाटत असेल तर घाल बाई."

दुकानातला मुलगा मात्र फार खात्रीने बोलत होता. "मॅडम, चार टक्के फास्ट होणारच." मी उभ्या उभ्या हिशेब केला. १३१ मिनिटांचे चार टक्के म्हणजे सव्वापाच मिनिटं. कार्ड पुढे केलं. त्या मुलाला दोष देत नाही, त्याला जे शिकवलं तेच तो सांगत होता. पण त्याने एक वाक्य अर्धवट सांगितलं होतं आणि ते पूर्ण करून घ्यायचं काम माझं होतं.

चार टक्क्यांचा हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अठरा धावपटूंना ट्रेडमिलवर पळवलं, कुठल्या बुटात किती प्राणवायू लागतो ते मोजलं. २०१७ च्या शेवटी आलेल्या त्या अभ्यासात नायकीच्या नव्या बुटात सरासरी चार टक्के कमी ऊर्जा लागल्याचं दिसलं. पण हे अठरा जण कोण? १० किलोमीटर ३१ मिनिटांच्या आत पळणारे. आणि वेग? ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर. माझा हाफचा वेग ताशी पावणेदहाच्या आसपास. माझा एक किलोमीटर होईपर्यंत ताशी १८ ने पळणाऱ्याचे जवळजवळ दोन होतात. शिवाय चार टक्के ऊर्जा वाचली म्हणजे वेळही चार टक्केच वाचेल असं नाही. तो अभ्यास खोटा नाही, पण त्यात मी नव्हते.

मग माझ्यासारख्यांवर कुणी काही केलंय का, हे शोधलं. २०२३ मध्ये एक अभ्यास आला, त्यात आठ बायका आणि आठ पुरुष होते आणि वेग होते ताशी १२ आणि १० किलोमीटर. ताशी १२ ला सरासरी बचत १.४ टक्के. ताशी १० ला ०.९ टक्के. आणि त्या १० च्या वेगाला माणसामाणसांत इतका फरक की काहींना चांगला फायदा झाला, तर काहींना त्या बुटात उलट जास्तच ऊर्जा लागली. वाचलेली ऊर्जा सगळी वेळेत उतरली असं धरून ०.९ टक्के मी माझ्या हाफला लावून पाहिले. १ मिनिट ११ सेकंद. दुकानातल्या सव्वापाच मिनिटांची अशी घसरण झाली.

असं का होत असावं, हे मला बूट हातात घेऊन दाबल्यावर कळलं. तळव्यातला फोम साध्या बुटांत असतो तसा ईव्हीएचा नसतो, पेबा नावाच्या पदार्थाचा असतो. अंगठ्याने दाबला की पावासारखा आत जातो आणि सोडला की लगेच उसळून वर येतो. पाय जेवढ्या जोराने पडतो तेवढा तो दबतो, आणि त्यातलं बरंचसं परत देतो. ताशी १८ ने पळणारा ज्या जोराने पाऊल टाकतो, त्या जोराने मी टाकत नाही. फोमच्या मधोमध कार्बनची वाकडी पट्टी असते. सगळे तिचंच नाव घेतात, बुटांना म्हणतातही कार्बनच. पण संशोधकांनी एकदा ती पट्टी बुटाच्या आतच सहा ठिकाणी कापली, बूट पुष्कळ लवचीक झाला आणि पळणाऱ्यांना लागणाऱ्या ऊर्जेत नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे ज्याच्या नावावर बूट विकला जातो, त्याच्याहून त्याच्या शेजारी बसलेला फोम जास्त काम करतो.

हे सगळं वाचून झालं, तरी ग्रुपातल्या त्या मुलीला काय सांगायचं हे ठरेना. सरासरी हा कुणाचाच पाय नसतो. शेवटी ठरवलं, आपल्या पायांवर मोजायचं.

पहिलं मोजमाप स्वयंपाकघरात झालं. चकलीची भाजणी मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर कागद पसरून बूट ठेवले. माझा रोजचा जुना बूट २६४ ग्रॅम. कार्बनचा १९३. एका पायामागे ७१ ग्रॅमचा फरक. धावण्याच्या शास्त्रात एक जुना, पुन्हा पुन्हा तपासलेला ठोकताळा आहे: बुटात १०० ग्रॅम वाढले की पळायला साधारण एक टक्का जास्त ऊर्जा लागते. मग ७१ ग्रॅमचे झाले पाऊण टक्क्याच्या जवळपास. काट्यासमोर उभी राहून मी बराच वेळ तो आकडा पाहत होते. मला मिळणारा फायदा एक टक्का असेल आणि त्यातला मोठा वाटा नुसत्या हलकेपणाचा असेल, तर मग हलका बूट सात-आठ हजारांतही मिळतो.

आता मैदान. फेब्रुवारीत दर रविवारी पहाटेची लोकल पकडून मी आणि नवरा सीएसएमटीला उतरायचो आणि चालत मरीन ड्राइव्ह गाठायचो. एअर इंडियाच्या इमारतीसमोर कट्ट्यावर तो बुटांची पिशवी, पाण्याची बाटली आणि वही घेऊन बसायचा. मी तिथून वानखेडेच्या बाजूच्या ठरलेल्या दिव्याच्या खांबापर्यंत दीड किलोमीटर जायचे आणि परत यायचे. जाऊन-येऊन तीन किलोमीटर, म्हणजे जाताना वारा तोंडावर असेल तर येताना पाठीवर. वेग प्रत्येक वेळी तोच, किलोमीटरला ६ मिनिटं १० सेकंद. त्याच वेगाला ठोके कमी पडले म्हणजे मेहनत कमी, म्हणून छातीला पट्टा बांधून हृदयाचे ठोके मोजायचे, त्यातलेही फक्त शेवटच्या दोन किलोमीटरचे, कारण पहिल्या किलोमीटरमध्ये ठोके अजून चढत असतात. एका रविवारी अशा चार फेऱ्या. जुने, कार्बन, कार्बन, जुने. पुढच्या रविवारी उलटं: कार्बन, जुने, जुने, कार्बन. मुंबईत सहा वाजताची हवा आणि साडेसातची हवा एक नसते. ऊन आणि दमटपणा वाढला की त्याच वेगाला ठोके आपोआप चढतात. एकच जोड नेहमी आधी घातला असता, तर तो उगाच जिंकला असता.

दोन फेऱ्यांच्या मध्ये कट्ट्यावर बसून बूट बदलायला तीन-चार मिनिटं लागायची. कार्बनचे बूट घालताना घाई चालत नाही. वरचं कापड पातळ, टाचेचा भाग मऊ, जीभ आत दुमडली तर पुढे फोड ठरलेला. बांधून उभं राहिलं की उतारावर उभं असल्यासारखं वाटतं, अंग आपोआप पुढे झुकतं. पळताना आवाज वेगळा येतो. जुन्या बुटाचा खस-खस, याचा मोकळा थप-थप. आणि वळताना सांभाळावं लागतं. खांबाला वळसा घालताना घोटा बाहेर कलतोय हे मला दर वेळी जाणवायचं. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये नियम केला की रस्त्यावरच्या शर्यतीत तळवा ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि आत एकापेक्षा जास्त पट्टी नको. चाळीस मिलिमीटर ऐकायला कमी वाटतात. त्यावर उभं राहून ओल्या फरशीवर वळून पाहावं.

तिसऱ्या रविवारी तिथे झाडू मारणाऱ्या पालिकेच्या मावशी थांबल्या. म्हणाल्या, "बाई, एक जोड चावतोय का?" मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी झाडू कट्ट्याला टेकवला, दोन्ही बूट हातात घेऊन वजन केलं आणि कार्बनचा बूट परत देत म्हणाल्या, "हा पायात असल्यासारखाच नाही." पुढचे पाच रविवार त्या मला "आज काय निघालं?" असं विचारत होत्या आणि मी सांगत होते.

फेब्रुवारीच्या चार रविवारांचं निघालं ते असं: जुन्या बुटांत मिनिटाला सरासरी १५८ ठोके, कार्बनमध्ये १५६. दोन ठोके. वेग वाढवून-कमी करून मी आधीच पाहून ठेवलं होतं की किलोमीटरला दहा सेकंद वेगाने पळायला मला सहा ठोके जास्त पडतात. त्या हिशेबाने दोन ठोके म्हणजे किलोमीटरला तीन सेकंदांहून थोडं जास्त, म्हणजे हाफला साधारण सत्तर सेकंद.

यात त्रुटी आहेत आणि त्या मी लपवणार नाही. कुठल्या पायात काय आहे हे मला माहीत होतं. महाग वस्तू घातली की मन हलकं होतं, मन हलकं झालं की ठोकेही कमी पडू शकतात. शनिवारी रात्री झोप नीट झाली नाही तर रविवारी दोन ठोके सहज इकडचे तिकडे होतात. माझ्याकडे प्राणवायू मोजायचा मुखवटा नव्हता. म्हणून एका ठोक्यावर मी शपथ घेणार नाही. पण चार रविवार, सोळा फेऱ्या, आणि चारही रविवारी सरासरी त्याच बाजूला झुकली, एवढं मी म्हणू शकते.

मग काट्यावरचे ते ७१ ग्रॅम आठवले. फायदा हलकेपणाचा असेल, तर कार्बनचा बूट जड करून पाहायचा. नवरा म्हणाला शिसं आणू, पण घरात त्याहून सोपी गोष्ट होती. दहा रुपयांचं नाणं ७.७ ग्रॅमचं असतं. नऊ नाणी काट्यावर ठेवली, ६९ ग्रॅम. वर चिकटपट्टीचे दोन वेढे आणि बरोबर ७१. दोन पायांना अठरा नाणी लागणार होती. लालबागच्या भाजीवाल्या मावशींनी गल्ल्यातून काढून दिली, मी एकशेऐंशी रुपयांच्या नोटा दिल्या. नाणी तीन-तीनच्या थप्पीत लेसच्या खाली, पावलाच्या वरच्या बाजूला चिकटवली. पहिल्या वेळी थप्पी हाडावर आली आणि पाचशे मीटरवर थांबावं लागलं. मग खाली रुमालाची घडी घातली आणि थप्प्या दोन्ही बाजूंना सरकवल्या. त्यानंतर नीट बसली.

मार्चचे चार रविवार तोच बूट, फक्त कधी नाण्यांसह, कधी नाण्यांशिवाय. ऊन वाढलं होतं, ठोके सगळेच वर गेले होते, पण मला फक्त दोघांमधला फरक हवा होता. निघाला एक ठोका. नाण्यांसह एक जास्त. म्हणजे माझ्या दोन ठोक्यांतला एक निव्वळ वजनाचा होता. फोम आणि पट्टी यांच्या वाट्याला उरला एक.

त्या रविवारी घरी येऊन वहीत मांडलं. एकूण सुधारणा १५३ सेकंद. बुटांचे साधारण ७०, त्यातले निम्मे हलकेपणाचे. उरलेले ८०-८५ सेकंद जुलैपासूनच्या पावणेचारचे, वाळकेश्वरच्या चढाचे, दोन किलोंचे. तो आकडा लिहिताना मला फार बरं वाटलं. ग्रुपवर टाकला नाही. आमच्या ग्रुपला शिकवणाऱ्या सरांना दाखवला.

सर जुने. त्यांनी वही पूर्ण वाचली, चष्मा काढला आणि शिवनाथ सिंगांचा विषय काढला. शिवनाथ सिंग अनवाणी पळायचे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला अकरावे आले, १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांची वेळ दिली आणि तो भारतीय विक्रम चाळीस वर्षांहून जास्त टिकला. मी म्हटलं, "सर, पण केनियाच्या किपचोगेने २०१९ मध्ये व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर १:५९:४० मध्ये पार केलं ते याच जातीच्या बुटांत." सर म्हणाले, "केलं ना. आणि २०२३ ला बर्लिनमध्ये इथिओपियाच्या तिगिस्त असेफाने बायकांच्या मॅरेथॉनला २:११:५३ केलं, तो बूट १३८ ग्रॅमचा होता. मी कुठे नाही म्हणतोय? बूट काम करतो. कुणाच्या पायात किती, एवढंच विचार." सर अनवाणी पळणाऱ्याची गोष्ट सांगून बुटांना नावं ठेवतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही.

वेळेच्या हिशेबात न येणाऱ्या दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या आणि माझ्या मते त्याच जास्त महत्त्वाच्या आहेत.

एक चांगली. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या नाहीत. आदल्या वर्षी हाफनंतर तीन दिवस मी खाली बसू शकत नव्हते, देवापुढे दिवा लावायलाही ओणवं व्हावं लागे. यंदा सोमवारी संध्याकाळी खाली बसून भाजी निवडली. हे माझ्यासारख्या अनेकांनी सांगितलं आहे आणि मला ते पूर्ण पटतं. माझ्या वयाला हा फायदा सत्तर सेकंदांपेक्षा मोठा आहे.

दुसरी वाईट. मांड्या वाचल्या, पण पोटऱ्या आणि टाचेच्या वरची शीर धरली. सोमवारी सकाळी करी रोडच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना उजव्या पायात अशी कळ आली की कठडा धरून आडवं आडवं उतरावं लागलं. मागून गर्दी, पुढे गाडीची वेळ. फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाबून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बूट बदललेत का?" कडक पट्टी आणि पुढे झुकवणारा तळवा यामुळे पायाची काम करायची पद्धतच बदलते, काही स्नायूंचा भार कमी होतो, काहींवर जास्त पडतो. मी शर्यतीआधी ते बूट जेमतेम तीनदा घातले होते, जपून ठेवायचे म्हणून. तीच चूक झाली. कार्बनच्या बुटांत पळणाऱ्या पाच धावपटूंच्या पावलाच्या मधल्या हाडाला, नॅव्हिक्युलरला, ताणाने इजा झाल्याचं डॉक्टरांनी २०२३ मध्ये नोंदवलंय. पाच जणांवरून बूटच धोक्याचे असं कुणी म्हणत नाही, त्या डॉक्टरांनीही म्हटलेलं नाही. सवय हळूहळू करा, एवढंच ते सांगतात. मला तीन आठवडे चाळीच्या जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा वरखाली करायला लागल्या, दिवसातून दोनदा, पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या. अजूनही करते. दूध तापेपर्यंत होतात.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी त्या मुलीला मरीन ड्राइव्हवर बोलावलं. आमच्या दोघींचा पाय एकाच मापाचा. मनात मी उत्तर तयार ठेवलं होतं: नको घेऊस, माझ्या दोन ठोक्यांसाठी एकवीस हजार घालवू नकोस. आधी तीन बुधवार तिला शिवाजी पार्कला माझ्या बुटांत हळू पळवलं होतं, पोटऱ्या धरू नयेत म्हणून. आता तोच प्रयोग तिच्यावर, तिच्या वेगाने, किलोमीटरला साडेपाच मिनिटं. वही माझ्या हातात होती.

पहिली फेरी तिच्या जुन्या बुटांत, १६९. दुसरी कार्बनमध्ये, १६३. मला वाटलं पट्टा सरकला असेल. तो ओला करून पुन्हा घट्ट बांधला. तिसरी, पुन्हा कार्बन, १६४. चौथी जुन्या बुटांत, १७०. सहा ठोके! पुढच्या रविवारी क्रम उलटा केला, पाच निघाले. त्याच्या पुढच्या रविवारी नाणी बांधली. तिचे जुने बूटही माझ्यासारखेच जड होते. नाणी बांधूनही चार ठोके कमीच. तिच्या पायाला फोम खरोखर काहीतरी परत देत होता. ती चवड्यावर उतरते, मी टाचेवर. ती वेगाने पळते, मी सावकाश. ती बावीस वर्षांनी लहान. यातलं नेमकं कारण कोणतं, की तिन्ही मिळून, ते मी सांगू शकत नाही. केनियाचे अव्वल धावपटू आणि युरोपातले हौशी अशा दोन गटांवर झालेल्या एका अभ्यासात केनियातल्या एकाला दहा टक्क्यांहून जास्त फायदा झाला होता आणि एकाला जवळपास तेवढाच तोटा. वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. त्या दिवशी वहीत दोन पानं शेजारी शेजारी होती, एक माझं आणि एक तिचं, बूट एकच.

ती कट्ट्यावर बसून बुटांतली नाणी सोडवत होती. म्हणाली, "ताई, मग घेऊ?"

मी तयार ठेवलेलं उत्तर गिळलं. तिला सांगितलं ते असं. तुझ्या पायाला हे लागू पडतात, हे आता आपण पाहिलंय. पण हप्ता काढू नकोस. सरावाला तुला साधे चांगले बूट आधी लागतील, तुझा तळ गुळगुळीत झालाय आणि त्यात गुडघा जाईल. ते घे, पाच-सहा हजारांत येतील. शर्यतीला माझे घाल. मला सत्तर सेकंदांची गरज नाही. मांड्या दुखू नयेत एवढंच मला हवंय, तर मी पट्टी नसलेला, जाड फोमचा हलका बूट बघेन.

"आणि तुमच्या शर्यतीला?" तिने विचारलं. एकाच शर्यतीत दोघी पळणार, ही अडचण माझ्या लक्षातच आली नव्हती. मी म्हटलं, "तेव्हा तू वेगात असतेस. तूच घाल."

बुटांचं खोकं आता तिच्या घरी असतं. झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक वेळी किती किलोमीटर झाले ते लिहायचं ठरलंय, कारण हा फोम फार काळ तसाच राहत नाही; ४५० किलोमीटरनंतर पेबाचा फायदा उरला नाही असं एका अभ्यासात दिसलंय. माझे आकडे काळ्या पेनाने आहेत, तिचे निळ्या. काळ्यांची बेरीज १४६ वर थांबली आहे. निळे परवा ३८ झाले होते.